कंट्रोलरची स्टिक आपोआप सरकते? नवा घेण्याआधी लिनक्सवर हे करून बघा

गेम सुरू आहे, कंट्रोलर टेबलावर ठेवलेला आहे, कुणाचा हात लागलेला नाही. आणि तरी पडद्यावरचा खेळाडू हळूहळू डावीकडे चालायला लागतो. क्रिकेटचा गेम असेल तर फलंदाज स्वतःच क्रीज सोडतो, गाडीचा असेल तर गाडी रस्त्याकडेला घासत जाते. या दुखण्याला ‘स्टिक ड्रिफ्ट’ म्हणतात. ज्या घरात गेम खेळणारी मुलं आहेत, त्या घरात आज ना उद्या हा शब्द ऐकू येतोच.

गेल्या काही काळात त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. विंडोज 10 ला मिळणारा नेहमीचा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. बऱ्याच घरांतले जुने कॉम्प्युटर विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत, म्हणून त्यांच्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट बसवलं जातंय. त्यामुळे कंट्रोलर बिघडला की पहिला आरोप लिनक्सवर होतो. मुलगा म्हणतो, ‘‘अब्बू, विंडोजवर असं होत नव्हतं.’’ अम्मी म्हणते, ‘‘मागच्या ईदीतूनच तर घेतला होता.’’ आणि मग एकतर पुन्हा विंडोज टाकायची गोष्ट निघते, नाहीतर नव्या कंट्रोलरची. कंपनीचा चांगला कंट्रोलर आज पाच हजारांच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. देवरीसारख्या गावात त्यात कुरिअरची वाट आणि परत पाठवायची कटकट धरा. नागपूर-रायपूर महामार्गावर असलो तरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरसाठी मोठ्या शहराकडेच बघावं लागतं.

म्हणून आम्ही इथे क्रमाने सांगतोय, की दोष कुठे आहे हे कसं ओळखायचं आणि कोणत्या दोषाला कोणता इलाज. एकच गोष्ट लक्षात ठेवा: आधी मोजा, मग खर्च करा. ड्रिफ्ट तीन प्रकारचा असतो आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. न मोजता केलेला खर्च बहुतेक वेळा चुकीच्या जागी जातो.

आत नेमकं काय झिजतं?

जुन्या रेडिओचं आवाज कमी-जास्त करायचं बटण आठवा. काही वर्षांनी ते फिरवलं की खरखर यायची. कंट्रोलरच्या स्टिकखाली तशाच जातीचे दोन छोटे भाग असतात. एक डावी-उजवी हालचाल मोजतो, दुसरा वर-खाली. त्यांना पोटेंशिओमीटर म्हणतात. आत कार्बनचा एक पट्टा असतो आणि त्यावर धातूचं एक बारीक पातं घासत फिरतं. पातं पट्ट्यावर कुठे टेकलंय, त्यावरून विजेचा दाब बदलतो आणि त्या दाबावरून कंट्रोलर ठरवतो की स्टिक कुठे आहे.

घासणारी वस्तू झिजणारच. पट्ट्याचा कार्बन निघून त्याची भुकटी होते, बाहेरून धूळ जाते, हाताचा घाम आणि पावसाळ्यातली दमट हवा त्यात भर घालते. शिवाय स्टिकला मध्यभागी परत आणणारी स्प्रिंग ढिली होते. 2021 साली दुरुस्तीचं मार्गदर्शन करणाऱ्या आयफिक्सइट या अमेरिकी संस्थेने प्लेस्टेशन 5 चा कंट्रोलर उघडून दाखवला. त्यातल्या अल्प्स कंपनीच्या स्टिकचं ठरलेलं आयुष्य सुमारे 20 लाख फेऱ्यांचं असल्याचं त्यांनी लक्षात आणून दिलं. आकडा मोठा वाटतो, पण धावपळीच्या गेममध्ये अंगठा थांबतच नाही. रोज खेळणाऱ्याच्या हातात हा भाग ठरलेल्या वेळी झिजणारच. निन्टेंडोच्या जॉय-कॉनवरून अमेरिकेत 2019 साली ग्राहक कोर्टात गेले होते आणि 2020 मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी या त्रासाबद्दल माफीही मागितली होती.

सांगायचं कारण इतकंच, की यात मुलाने ‘आपटून मोडला’ असं दर वेळी नसतं. आणि लिनक्सचा दोष तर त्याहून क्वचित.

दोष कॉम्प्युटरचा की कंट्रोलरचा?

हे पाच मिनिटांत कळतं. कंट्रोलर दुसऱ्या एखाद्या यंत्राला जोडून बघा. दुसरा कॉम्प्युटर नसेल तर अँड्रॉइड मोबाइल चालतो. ब्लूटूथने जोडा, किंवा ओटीजीची छोटी वायर लावून केबलने जोडा. बरेचसे नेहमीचे कंट्रोलर मोबाइल ओळखतो. मोबाइलच्या मेनूमध्ये निवडीची चौकट आपोआप सरकत असेल, तर दोष कंट्रोलरचाच; लिनक्स बदलून काही होणार नाही. मोबाइलवर सगळं ठीक आणि फक्त एका गेममध्ये त्रास असेल, तर त्या गेमच्या सेटिंगमध्ये बघा. मोबाइल थोडं सरकणं दाखवतही नाही, म्हणून पक्का निकाल पुढच्या आकड्यांवरूनच लावायचा.

दोन फसवे प्रकार आधी बाजूला करू. पहिला: काही कंट्रोलर चालू होताना स्टिक जिथे असेल तोच मध्य धरतात. चालू करताना अंगठा स्टिकवर असला की मध्य चुकतो. बंद करा, सपाट जागी ठेवा, हात न लावता चालू करा. एवढ्यानेच काम झालं तर पुढे वाचायची गरज नाही.

दुसरा प्रकार खास लिनक्सचा आहे. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमध्ये हालचाल ओळखणारे सेन्सर असतात. लिनक्स त्यांना स्टिकपासून वेगळं, स्वतंत्र उपकरण म्हणून दाखवतं. यादीत त्याच्या नावाशेवटी ‘मोशन सेन्सर्स’ असं लिहिलेलं असतं. त्याचे आकडे कंट्रोलर स्थिर असतानाही सतत हलतात, आणि ते तसेच हलायला हवेत. ते बघून ‘केवढा ड्रिफ्ट आहे’ म्हणून घाबरून जाणारे खूप आहेत. मोजताना ते नाव सोडून साधं कंट्रोलरचं नाव निवडा.

लिनक्सला आकडे विचारा

इथे लिनक्स आपल्या कामाला येतं, कारण स्टिकचा खरा आकडा ते उघड करून दाखवतं. त्यासाठी दोन मोफत प्रोग्राम आहेत.

पहिला खिडकीत चालणारा आहे, जेएसटेस्ट-जीटीके. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये किंवा उबुंटूवर तो मिळतो. शोधताना इंग्रजी छोट्या अक्षरांत जे, एस, टी, ई, एस, टी, मग आडवी रेघ आणि जी, टी, के असं लिहा. उघडला की स्टिकच्या जागी एक ठिपका दिसतो आणि बटणं दाबली की उजळतात. लहान भावंडांनाही समजतं.

पण त्याची एक मर्यादा आहे. हा प्रोग्राम लिनक्सच्या जुन्या जॉयस्टिक मार्गाने आकडे घेतो आणि तो मार्ग मध्याजवळचं थोडं सरकणं स्वतःच शून्य करून टाकतो. त्यामुळे ठिपका अगदी मधोमध दिसतो आणि गेममध्ये खेळाडू मात्र चालत असतो. नवे गेम या जुन्या मार्गाने जात नाहीत.

म्हणून दुसरा प्रोग्राम लागतो, ईव्हीटेस्ट. हा टर्मिनलमध्ये, म्हणजे काळ्या खिडकीत चालतो. इंग्रजीत ई, व्ही, टी, ई, एस, टी. उपकरणं थेट वाचायची असल्याने नावाआधी ‘सुडो’ लिहून पासवर्ड द्यावा लागतो. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही. ते तसंच असतं, गोंधळू नका. सुरू झाला की उपकरणांची क्रमांकासह यादी येते. आपल्या कंट्रोलरचा क्रमांक टाकून एंटर दाबा.

आता प्रत्येक दिशेसाठी काही आकडे दिसतील: सध्याची किंमत, किमान, कमाल, आणि ‘फझ’ व ‘फ्लॅट’ नावाच्या दोन गोष्टी. एक्सबॉक्स जातीच्या कंट्रोलरमध्ये स्टिकचा पल्ला उणे 32768 ते 32767 असतो आणि मध्य शून्य. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमध्ये पल्ला 0 ते 255 आणि मध्य 128 च्या आसपास. डाव्या स्टिकच्या दोन दिशांचे क्रमांक 0 आणि 1 असतात. उजव्या स्टिकचे बहुतेक वेळा 3 आणि 4, काही साध्या कंट्रोलरमध्ये 2 आणि 5.

आता वही-पेन घ्या. हे काम मुलाला किंवा मुलीलाच द्या. स्टिक पूर्ण डावीकडे न्या, सोडून द्या, ती थांबल्यावरचा आकडा लिहा. असं पाच वेळा. मग उजवीकडे पाच वेळा, वर पाच, खाली पाच. वीस आकड्यांचा तक्ता तयार झाला की निदान झालंच समजा.

तक्ता काय सांगतो?

समजा, पल्ला 0 ते 255 आहे. आकडे 126 ते 130 च्या मध्ये येत असतील, तर स्टिक ठणठणीत आहे. अगदी 128 वर कुठलीच स्टिक थांबत नाही. मायक्रोसॉफ्टने तर गेम बनवणाऱ्यांना एक्सबॉक्सच्या डाव्या स्टिकसाठी मध्याभोवती 7849 आणि उजव्यासाठी 8689 इतका भाग सोडून द्यावा, असा आकडा सुचवला आहे. 32767 पैकी हे जवळपास पाव झालं. म्हणजे थोडं सरकणं हा दोष धरलाच जात नाही. ते हाताबाहेर गेलं तरच दोष.

बिघडलेल्या स्टिकचे तीन नमुने दिसतात.

पहिला, जागा सरकलेली. कुठूनही सोडा, आकडा 141 किंवा 142 वरच येतो. म्हणजे स्टिक एका ठिकाणी नीट थांबते, पण ते ठिकाण मध्य नाही. याला मध्य नव्याने शिकवायचा असतो, म्हणजे कॅलिब्रेशन.

दुसरा, थरथर. स्टिकला हात नाही, तरी आकडे 120, 137, 125, 133 असे नाचत राहतात. पट्ट्यावर घाण आहे किंवा पट्टा खरवडला गेलाय. इथे आधी सफाई.

तिसरा, ढिलेपणा. डावीकडून सोडली की 119 वर थांबते, उजवीकडून सोडली की 138 वर. स्प्रिंग थकली आहे. याला कॅलिब्रेशनचा काही उपयोग नाही, कारण मध्यच एक राहिलेला नाही. इथे डेडझोन लागतो, आणि तो पुरला नाही तर स्टिक बदलायची.

सफाई: उघडण्याआधीची पायरी

कंट्रोलर बंद करा, केबल काढा, सेल निघत असतील तर काढा. स्टिक एका बाजूला वाकवून मुळाशी हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा जातो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब कापसाच्या काडीवर घेऊन मुळाशी लावा आणि स्टिक गोल-गोल पंचवीस-तीस वेळा फिरवा. हे द्रव मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे रोज वापरात असतं. शक्य तितकं शुद्ध घ्या. पाणी जास्त असलेलं सॅनिटायझर चालत नाही. दुसरा पर्याय म्हणजे इलेक्ट्रॉनिक भागांसाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर. दरवाज्याच्या कडीत मारायचं तेल किंवा पेट्रोल अजिबात वापरू नका, त्याने प्लास्टिक खराब होतं आणि धूळ आणखी चिकटते.

एक काळजी: हे द्रव पोटात गेलं तर विषारी आहे आणि लगेच पेट घेतं. चुलीपासून, गॅसपासून आणि लहान मुलांपासून लांब ठेवा. खिडकी उघडी ठेवून काम करा. द्रव पूर्ण उडून जाईपर्यंत, निदान अर्धा तास, कंट्रोलर चालू करू नका.

मग पुन्हा वीस आकडे लिहा. थरथर कमी झाली असेल तर इलाज लागू पडला. काही दिवसांनी ती परत आली तर पट्टा झिजलाय हे नक्की. पुन्हा पुन्हा थेंब टाकून झिजलेला कार्बन परत येत नाही.

डेडझोन: दुखणं झाकणारी पट्टी

डेडझोन म्हणजे मध्याभोवतीचं असं वर्तुळ, ज्याच्या आत स्टिक कुठेही असली तरी गेमने ती मध्यातच आहे असं समजायचं. हा बरा करणारा इलाज नाही, झाकणारा आहे. पण बऱ्याच घरांत यावरच आणखी वर्षभर निघून जातं.

किती ठेवायचा ते तक्ता सांगतो. आपल्या तिसऱ्या उदाहरणात स्टिक 128 पासून जास्तीत जास्त 10 ने दूर थांबते. मध्यापासून टोक साधारण 127. म्हणजे 8 टक्के. त्यावर थोडी सूट धरून 10 टक्के ठेवा. एक्सबॉक्स जातीच्या कंट्रोलरवर 2600 चा फरक असेल तर तोही 8 टक्केच. ‘राहू दे जास्तच’ म्हणून 30 टक्के ठेवलं, तर हळू चालणं, हळू वळणं, बारीक नेम हे सगळं हातातून जातं. आणि मग मुलगा म्हणतो, कंट्रोलर अजून खराब झाला.

हा आकडा कुठे भरायचा, याचे तीन रस्ते आहेत. सोप्यापासून सुरू करू.

एक, गेममध्येच. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये ‘डेडझोन’ नावाची पट्टी पुष्कळ गेम देतात. जुने गेम चालवणाऱ्या रेट्रोआर्चमध्येही इनपुटच्या सेटिंगमध्ये ती आहे.

दोन, स्टीम. गेम विकत घेण्याचं आणि चालवण्याचं हे दुकान 2013 पासून लिनक्सवर आहे. त्याच्या सेटिंगमध्ये कंट्रोलरच्या भागात कॅलिब्रेशनचं पान आहे, तिथे दोन्ही स्टिकचा डेडझोन वेगवेगळा ठेवता येतो. एकदा ठेवला की लक्षात राहतो. स्टीमवरून न घेतलेला गेमही स्टीमच्या यादीत जोडता येतो. मग हीच सेटिंग त्यालाही लागू करता येते. घरातल्यांसाठी आम्ही हाच रस्ता सुचवू.

तीन, थेट लिनक्समध्ये. ‘जॉयस्टिक’ नावाचं पॅकेज बसवलं की त्यात एव्हडेव्ह-जॉयस्टिक नावाची आज्ञा मिळते. तिला उपकरणाचा पत्ता, दिशेचा क्रमांक आणि डेडझोनचा आकडा दिला की ती ईव्हीटेस्टमध्ये दिसणारा ‘फ्लॅट’ बदलते. इथे टक्के नाही, सरळ आकडा द्यायचा. 0 ते 255 च्या पल्ल्यात 10 टक्के म्हणजे 13.

पण इथेच अनेकांचा घोळ होतो. ‘फ्लॅट’ ही लिनक्सने लावलेली चाळणी नाही, ती फक्त चिठ्ठी आहे: ‘एवढा भाग सोडून द्या’. गेमने चिठ्ठी वाचली तर फायदा, नाही वाचली तर आकडे जसेच्या तसे पुढे जातात. लिनक्सवरचे बरेच गेम एसडीएल नावाच्या लायब्ररीतून कंट्रोलर वाचतात आणि ती लायब्ररी सहसा ही चिठ्ठी वाचत नाही. तिला वाचायला लावता येतं. एसडीएल, लिनक्स, जॉयस्टिक, डेडझोन्स हे चार शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये खालची रेघ देऊन, पुढे बरोबरचं चिन्ह आणि 1, असं गेम सुरू करताना लिहायचं. तरीही काही वेळा प्लेस्टेशनसारखे कंट्रोलर या मार्गाला वळसा घालून थेट वाचले जातात, मग चिठ्ठी बाजूलाच राहते.

‘फझ’चं तसं नाही. बारीक थरथर गिळायचं काम लिनक्सचा गाभा स्वतः करतो, म्हणून दुसऱ्या नमुन्यात फझ थोडा वाढवून बघण्यासारखा आहे. तोही एव्हडेव्ह-जॉयस्टिकनेच वाढवतात. फार वाढवला तर नेम जड होतो. दोन्ही बदल कंट्रोलर काढून पुन्हा जोडला की पुसले जातात. कायमचे हवे असतील तर युडेव्हचा नियम लिहावा लागतो. घरात कुणी कॉम्प्युटर शिकणारं असेल तर त्याच्यासाठी हा चांगला गृहपाठ आहे.

कॅलिब्रेशन: मध्य नव्याने शिकवणं

पहिल्या नमुन्यात, म्हणजे स्टिक एकाच पण चुकीच्या जागी थांबत असेल, तर कॅलिब्रेशन करा. जुन्या मार्गदर्शकांत जेएसकॅल नावाची आज्ञा सांगितलेली असते. ती फक्त जुन्या जॉयस्टिक मार्गावर चालते. जेएसटेस्टमध्ये सगळं सरळ दिसतं आणि गेममध्ये फरक पडत नाही, असं झालं तर कारण हेच. जुने गेम चालवत असाल तरच तिच्या वाटेला जा.

आजच्या गेमसाठी स्टीमच्या त्याच पानावरचं कॅलिब्रेशन वापरा. सांगेल तेव्हा कंट्रोलर सपाट ठेवा, सांगेल तेव्हा स्टिक फिरवा. प्लेस्टेशन 4 आणि 5 च्या कंट्रोलरसाठी क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये चालणारी मोफत साधनंही आहेत, ती मध्य थेट कंट्रोलरच्या स्मृतीत लिहितात. फायदा असा, की मग कुठल्याही यंत्राला जोडा, मध्य बरोबर. पण आधी तात्पुरतं करून बघा, वीस आकडे पुन्हा घ्या, आणि मगच कायमचं लिहा.

शेवटचा उपाय: स्टिक बदलणं

सफाई झाली, डेडझोन 20 टक्क्यांवर गेला, तरी खेळाडू चालतोच. तर भाग संपला. वॉरंटी असेल तर कंट्रोलर उघडू नका, आधी बिल शोधा आणि कंपनीकडे तक्रार नोंदवा. वॉरंटी नसेल तर स्टिक बदलता येते.

जॉय-कॉनची स्टिक बारीक पट्टीने जोडलेली असते, डाग न देता निघते. त्यासाठी वाय आकाराचा पेचकसही लागतो. एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनच्या बहुतेक कंट्रोलरमध्ये मात्र एका स्टिकला 14 ठिकाणी डाग दिलेला असतो. घरी पहिल्यांदाच इस्त्री हातात घेणाऱ्याने यावर शिकू नये. बोर्डावरचा पट्टा उखडला की कंट्रोलर जातो. पण मोबाइलचं चार्जिंग पोर्ट बदलणाऱ्या कारागिराच्या हाताला हे काम जड नाही. देवरी, आमगाव, गोंदिया, कुठल्याही बाजारात असा कारागीर सापडतो. त्याने आधी कंट्रोलर केला नसेल तरी स्टिक दाखवा, विचारा. सुटा भाग ऑनलाइन मिळतो आणि नव्या कंट्रोलरच्या मानाने त्याची किंमत किरकोळ असते. मजुरी आधी ठरवा आणि तुमचा वीस आकड्यांचा तक्ता सोबत न्या, म्हणजे कोणती स्टिक आणि कोणती दिशा यात घोळ होत नाही. काम झाल्यावर पुन्हा कॅलिब्रेशन करायचं असतं, हे विसरू नका.

बदलतच असाल तर हॉल सेन्सरच्या स्टिकची चौकशी करा. त्यात घासणारा पट्टाच नसतो. लोहचुंबकाची जागा सेन्सर लांबूनच ओळखतो. यामागचा परिणाम एडविन हॉल यांनी 1879 साली शोधला, आणि सेगाने ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वापरलाही होता. स्प्रिंग त्यातही थकते, पण कार्बन झिजून येणारी थरथर येत नाही. नवा कंट्रोलर घ्यायचीच वेळ आली तरी खोक्यावर हे शब्द आहेत का ते बघून घ्या.

टाकून देण्याआधी

कंट्रोलरमध्ये बहुधा लिथियमची बॅटरी असते. ती घंटागाडीत किंवा उकिरड्यावर गेली तर दबून पेट घेऊ शकते. देशात ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. असा कचरा ई-कचरा घेणाऱ्याकडेच जायला हवा. दुरुस्तीच्या बाजूनेही सरकारने थोडं पाऊल उचललं आहे. ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, तिथे मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्ससह चार क्षेत्रांतल्या कंपन्यांची दुरुस्ती आणि वॉरंटीची माहिती एकत्र मिळते.

आणि लिनक्सची भीती वाटत असेल, टर्मिनल बघून मन कचरत असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे छोटे धडे मराठीतून, मोफत उपलब्ध आहेत. शाळेतल्या मुलाला ते सहज झेपतात.

थोडक्यात क्रम असा: हात न लावता चालू करून बघा. मोबाइलला जोडून बघा. वीस आकडे लिहा. थरथर असेल तर सफाई, जागा सरकली असेल तर कॅलिब्रेशन, ढिलेपणा असेल तर डेडझोन. त्यानंतरच कारागीर, आणि सगळ्यात शेवटी दुकान. पहिल्या तीन पायऱ्यांना एक पैसा लागत नाही. एका संध्याकाळचं काम आहे. भावंडांनी मिळून केलं तर निम्म्या वेळात होईल, आणि पुढच्या वेळी शेजारच्या घरातला कंट्रोलर बिघडला की तिथेही तेच कामाला येतील.